नवेदरकर सर आणि अमेरिकेतली भांडणं

नवेदरकर सर कादंबरीतल्या माणसांना पत्रं लिहायचे. पुस्तकातच, समासात, बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीने आणि मराठीत. कादंबरी अमेरिकन असायची. तिच्यातली माणसं न्यूयॉर्कच्या नाहीतर शिकागोच्या कुठल्या तरी गल्लीत राहायची. त्यांना मराठीचं एक अक्षर कळायची शक्यता नव्हती. सरांना त्याची फिकीर नव्हती.

मी कॉलेजात शिकवायला नवा लागलो तेव्हा त्यांनी मला असं पहिलं पुस्तक वाचायला दिलं. त्यात नायक आईशी फोनवर बोलता बोलता मध्येच रिसीव्हर आपटतो. समासात लिहिलं होतं, 'असं करू नकोस. तिचं अजून सांगून व्हायचंय. – रू. न.' पुढे तो बायकोला खोटं सांगतो. तिथे शेरा, 'तिला कळलंय. तुलाच अजून कळलेलं नाही. – रू. न.' शेवटच्या पानावर नायक एकटाच समुद्राकडे बघत उभा राहतो. खाली सरांनी लिहिलं होतं, 'मी सांगत होतो.'

रू. न. म्हणजे रूबेन नवेदरकर. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे. उंच, किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, खिशाला तीन पेन्सिली. जुन्या स्कूटरवरून इतक्या हळू यायचे की मागून सायकलवाले घंटी वाजवायचे. शनिवारी रजा. वर्षानुवर्षं टाइमटेबल लावणारा माणूस बदलला तरी सरांचा शनिवार कोरा राहायचा. कारण सर ज्यू होते, कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचे. माझ्या माहितीत तरी आमच्या भागातले एकुलते एक.

पण हे लोकांना पटवणं अवघड. आमच्या स्टाफला ज्यू हा प्रकार फक्त बातम्यांतून ठाऊक. नाव रूबेन म्हणजे ख्रिश्चन, असा सगळ्यांचा ठाम समज. दर नाताळला कोणी ना कोणी सरांच्या घरी केक घेऊन जायचं. सर आभार मानून केक घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "सर, सांगत का नाही त्यांना?"

"सांगितलं की. पहिली पाच वर्षं सांगितलं. मुद्दा तो नाही, देवरे. केकशी माझं काय भांडण आहे?"

'मुद्दा तो नाही' हे त्यांचं पालुपद. वर्गात, मीटिंगमध्ये, रिक्षावाल्याशी, कुठेही. मुद्दा कोणता, हे मात्र दर वेळी कळायचंच असं नाही.

त्यांचे पूर्वज कोकण किनाऱ्याला जहाज फुटून आले, तिथे तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले, ही हकीकत सर मोठ्या खुशीत सांगायचे. तेलातलं त्यांना खरोखर कळायचं. दिवाळीच्या आधी आम्ही तीन-चार जण त्यांना भद्रकालीच्या बाजारात अब्दुलभाईंच्या तेलाच्या दुकानात घेऊन जायचो. सर तळहातावर थेंबभर तेल घेऊन चोळायचे, वास घ्यायचे, डोळे मिटायचे. अब्दुलभाई परीक्षेला बसल्यासारखे उभे. मग सर म्हणायचे, "ठीक आहे. मागच्या वर्षीइतकं नाही." अब्दुलभाईंचा जीव भांड्यात पडायचा. त्यांची आणि सरांची तीस वर्षांची दोस्ती होती. दोघं दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत आणि जगाच्या राजकारणावर सरळ सरळ भांडत.

तर या शनवार तेल्याला अमेरिकन ज्यू लेखकांच्या कादंबऱ्यांचं वेड होतं. महिन्यातून एकदा सकाळच्या गाडीने मुंबईला जायचे, फोर्टातले फूटपाथ धुंडाळायचे, संध्याकाळी पिशवीभर जुनी पुस्तकं घेऊन परत. पीएचडी चालू होती, 'आधुनिक अमेरिकन कादंबरीतली ज्यू अस्मिता आणि राजकारण'. सोळा वर्षं चालू होती. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे वारले, तिसऱ्यांनी सांगितलं की विषय जुना झाला. सर म्हणाले, "विषय तीन हजार वर्षं जुनाच आहे."

त्यांचं त्या कादंबऱ्यांवर प्रेम होतं आणि रागही होता. "यांची सगळी माणसं युरोपातून आलेली. बर्फातून. आजीच्या अंगावर शाल, आजोबांच्या खिशात खारवलेला मासा. सोळा वर्षांत एका पुस्तकात मला नारळ दिसला नाही, देवरे. ज्यू म्हटलं की फक्त हेच. मग आम्ही कोण?"

एकदा सर पेढ्यांचा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये आले. चेहरा असा, की आम्हाला वाटलं पीएचडी झाली. तसं नव्हतं. कुठल्याशा कादंबरीत एका म्हाताऱ्या शिंप्याच्या भावाबद्दल एक वाक्य सापडलं होतं. तो भाऊ 'मुंबईमार्गे' कुठे तरी गेला होता. एवढंच. पुढे त्या भावाचा उल्लेखही नाही.

"आलो!" सर पेढा पुढे करत म्हणाले. "आलो एकदाचे अमेरिकन साहित्यात!"

आम्ही खूप हसलो. तेही हसले. माझं ते हसणं मला आता जरा वेगळं आठवतं, पण ते असो.

त्यांच्या वर्गाला मी कधी कधी मागे जाऊन बसायचो. समोर निफाड, दिंडोरी, वणीकडची मुलं. त्यांना एकदा सर एका कादंबरीतलं, ब्रुकलिनच्या घरातलं भांडण सांगत होते. मुलगा कॉलेजात शिकतो. इस्राएलने युद्ध केलं, त्याच्या विरोधातल्या पत्रकावर सही करतो. वडिलांना ते वर्तमानपत्रातून कळतं. वडील जेवणाच्या टेबलावरून उठून जातात आणि मुलाशी कायमचं बोलणं टाकतात. सरांनी विचारलं, "वडील एवढे का रागावले? देश त्यांचा नाही, युद्ध त्यांचं नाही. ते अमेरिकेत बूट विकतात."

 मग वणीकडची गांगुर्डे नावाची मुलगी उभी राहिली. एरवी ती तोंड उघडायची नाही.

"सर, याच्यात अमेरिकेचं काय हाय? आमच्यात पन असंच व्हतं. इलेक्शनला माझ्या भावानं दुसऱ्या पार्टीचा झेंडा लावला, तर आमचे तात्या लय दिवस त्याच्याशी बोलले नाय. पार्टीचं काय नाय सर. गावात लोक इचारत्यात ना, तुमचं पोरगं तिकडं कसं?"

सर खडू हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "गांगुर्डे, मी सोळा वर्षांत चारशे पानं लिहिली. तू चार वाक्यांत संपवलंस. बस खाली. नाही, बसू नकोस. पुन्हा एकदा सांग. मला लिहून घेऊ दे." आणि खरोखर पेन्सिल काढून लिहून घेतलं.

घरी सर आणि त्यांचा मुलगा डॅनिएल असे दोघंच. सरांच्या पत्नी मी कॉलेजात येण्याच्या आधीच वारल्या होत्या. डॅनी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. गोरटेला, बोलका, गल्लीच्या क्रिकेट टीमचा कप्तान. त्याने एक दिवस इस्राएलला कायमचं जायचं ठरवलं. त्या संध्याकाळी मी योगायोगाने त्यांच्याकडे चहाला बसलो होतो.

"कशाला पळतोस?" सर विचारत होते. "दोन हजार वर्षं झाली आपल्याला इथे. कुणी बोट लावलं नाही. जगात दुसरीकडे कुठे असं झालंय, सांग मला. पुस्तकं काढून दाखवू?"

"पुस्तकं नकोत बाबा. मी पळत नाहीये. मला फक्त अशा ठिकाणी राहून बघायचंय, जिथे माझं नाव दोनदा सांगावं लागत नाही."

"आणि तिथे बंदूक देतील हातात, ते?"

"देतील तर घेईन."

"कुणावर धरशील? तिथे पण कुणीतरी अब्दुलभाई असेल."

डॅनी म्हणाला, "तुम्ही नेहमी असंच करता. माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघतच नाही. कुठल्या तरी कादंबरीतल्या मुलाशी बोलता."

आणि उठून गेला. सरांनी त्याची खुर्ची टेबलाखाली सरकवली. मग माझ्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "हे अख्खं प्रकरण मी वाचलेलं आहे, देवरे. तिथेसुद्धा दोघंही बरोबरच असतात."

डॅनी गेला त्या दिवशी सर स्टेशनवर गेले नाहीत. त्यांचा तास होता. तो त्यांनी घेतला. पुढे तीन-चार वर्षं बापलेकांत सणावाराचं एखादं कार्ड सोडलं तर काही नव्हतं. हे मला अब्दुलभाईंकडून कळलं. सर त्यावर अवाक्षर काढत नसत.

मग ते दिवस आले, जेव्हा टीव्हीवर रोज कुठे ना कुठे स्फोट दिसू लागले. आमच्या स्टाफरूममध्ये अचानक सगळ्यांना उमगलं की सर ख्रिश्चन नाहीत. केक थांबले. त्याऐवजी हस्तांदोलनं सुरू झाली. राज्यशास्त्राचे सोनवणे वर्तमानपत्र फडकावत यायचे. "सर, मानलं तुमच्या लोकांना! काय धडा शिकवला काल!"

"माझ्या लोकांनी? माझे लोक काल घरीच होते. मी एकटाच असतो."

"तसं नाही हो, तुमचा देश..."

"माझा देश हाच. आणि मुद्दा तो नाही, सोनवणे. माझा मुलगा तिथे आहे. त्याला वर्षातून महिनाभर वर्दी घालून बोलावतात. तुम्ही पेपर उघडता तेव्हा स्कोअर बघता. मी उघडतो तेव्हा नावं बघतो."

सोनवणे म्हणाले, "वा!" त्यांना वाटलं सर अभिमानाने बोलतायत.

त्याच सुमाराला, सरांनी ते पद नको म्हटल्यामुळे, मी हंगामी विभागप्रमुख झालो आणि कॉलेजात अमेरिकन कादंबरीवर दोन दिवसांचं चर्चासत्र घ्यायचं ठरलं. ती कल्पना माझी. मनात हेच होतं की सरांना एकदा तरी भरल्या सभागृहापुढे बोलता यावं. त्यांनी निवृत्तीला वर्ष राहिलं असताना चर्चासत्रात वाचायचा आयुष्यातला पहिला निबंध लिहायला घेतला. मथळा दिला, 'बाप, मुलगा आणि देश: अमेरिकन कादंबरीतली ज्यू घरं'. पंधरा वेळा लिहिला असेल. परिच्छेद मला वाचून दाखवायचे. त्यात गांगुर्डेचं नाव घालून तिचं म्हणणं दिलेलं होतं.

उद्घाटनाला प्राचार्यांनी एका पुढाऱ्यांना बोलावलं. कार्यक्रमपत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं, तेव्हा सरांच्या मथळ्याच्या जागी छापलं होतं, 'दहशतवादाशी ज्यूंचा लढा: प्रा. नवेदरकर यांचे अनुभवकथन'.

मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "देवरे, साहेबांना कादंबरी-बिदंबरीत रस नाही. लोकांना पण नाही. नाव बदललंय फक्त, सरांना बोलायचं ते बोलू द्या. आणि तुमचं कायम होण्याचं प्रपोजल माझ्याच टेबलावर आहे ना?" हे शेवटचं ते अगदी सहज, चहा विचारावा तसं म्हणाले.

मी प्रूफावर सही केली. मनाशी म्हटलं, सरांना आज समजावून सांगू. आजचं उद्या झालं. उद्याचं झालंच नाही.

चर्चासत्राच्या सकाळी गेटवर तेच शब्द कापडी फलकावर रंगवून लावले होते. सर स्कूटरवरून उतरले. कोट घातला होता, मी त्यांना कोटात पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी फलक वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला. मी धावत गेलो.

"सर, ते जरा..."

"तुम्ही पाहिलं होतं हे?"

मी हो म्हणालो. खोटं बोलता आलं असतं, पण त्यांच्याशी खोटं बोलणं अवघड होतं. त्यांनी मान डोलावली आणि आत गेले.

त्यांची वेळ आली. सभागृह भरलेलं. सरांनी निबंधाचे कागद समोर ठेवले, नीट केले आणि पालथे घातले. म्हणाले, "माझ्या नावासमोर लढा असं लिहिलंय. अनुभव असंही लिहिलंय. मी आयुष्यात एकदाच लढलो, माझ्या मुलाशी. त्यात कुणी जिंकलं नाही. या विषयावर अमेरिकेत फार चांगल्या कादंबऱ्या आहेत. त्या वाचा." आणि खाली बसले.

क्षणभर कुणाला कळेना. मग टाळ्या पडल्या, सवयीने पडतात तशा. पुढारी त्यानंतर पाऊण तास बोलले. आणि आभार मानायला मी उभा राहिलो. 'नवेदरकर सरांनी थोडक्यात पण मार्मिक विवेचन केलं' असं वाक्य मी माइकवर उच्चारलं. हे वाक्य मला अजूनही आंघोळ करताना, बसमध्ये, कुठेही आठवतं आणि मी एकटाच 'छे' म्हणतो.

सर भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी नमस्कार केला, वर्षभर रोज केला. पण पुस्तक पुढे करणं थांबलं. निबंधाचं काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. निवृत्तीच्या समारंभाला सोनवण्यांचं भाषण झालं. मी घसा बसल्याचं सांगितलं.

त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्या घरावरून रोज जात होतो. शेवटी एका शुक्रवारी, उन्हं उतरायच्या वेळेला, फाटक उघडलं. माफी मागायची, काय बोलायचं ते ठरवलेलं होतं.

दार उघडंच होतं. सर फोनवर बोलत होते, माझ्याकडे बघून हातानेच बसा म्हणाले. बोलत होते ते मराठी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं. एखादा शब्द म्हणायचे, थांबायचे, फोनमधून लहान मुलीचं खिदळणं ऐकू यायचं. सरही हसायचे. इतके मोकळे हसताना मी त्यांना पेढ्यांच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

फोन ठेवून म्हणाले, "नात. डॅनीची. चार वर्षांची आहे. नाव शिरा. मी डॅनीला म्हटलं, अरे पोरीचं नाव शिरा ठेवतात होय? म्हणाला, बाबा, इकडे त्याचा अर्थ गाणं." ते खुर्चीत बसले. "सून मोरोक्कोकडची. घरात हिब्रूच. आणि मला हिब्रू येतं ते फक्त प्रार्थनेतलं. पोरगी विचारते, आजोबा काय खाल्लं? मला भाकरीचा एकच शब्द ठाऊक, जमिनीतून भाकरी उगवणाऱ्या देवाचे आभार मानतो त्यातला. पावसाचा शब्द पाऊस पाडणाऱ्या देवाचा. देवाशी बोलायला जेवढं शिकलो, तेवढ्यावर नातीशी बोलतोय. तिला वाटतं आजोबा विनोदी आहेत."

"आणि डॅनीशी?"

"बोलतो की. हवापाण्याचं. तिथे ऊन किती, इथे किती." मग म्हणाले, "ती दर वेळी विचारते, कधी येणार. त्याला आमच्याकडे उत्तर तयार आहे. सणाच्या प्रार्थनेच्या शेवटी म्हणायचं असतं, पुढच्या वर्षी यरुशलायममध्ये, म्हणजे जेरुसलेमला. आमच्या वाडवडिलांनी दोन हजार वर्षं म्हटलं, कुणी तारीख विचारली नाही. ही विचारते. दोन वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणून झालं. आता तिला मोजता येतं."

मग उठून त्यांनी टेबलावरचा एक कागद माझ्यापुढे सरकवला. पासपोर्टचा अर्ज होता.

"इथे दोन माणसांची नावं लागतात. आपल्याला ओळखणारी. एक अब्दुलभाईंचं लिहिलंय. दुसरं..." पेनाचं टोपण काढून ते थांबले. "तुमचं घालू?"

मी ठरवून आणलेलं सगळं विसरलो. 'घाला' एवढंच म्हणालो. त्यांनी मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं. वडिलांचं नाव विचारलं, घरनंबर विचारला, स्पेलिंग पुन्हा वाचून दाखवलं. मग, त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो म्हणून, मनुकांचं सरबत आणलं, तेलाचा दिवा लावला आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हटलं. मी बसून होतो. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

उन्हाळ्यात सर इस्राएलला गेले. तिथे पाच महिने राहिले. एका दुपारी नातीला बालवाडीतून घरी आणलं, पाणी प्यायले आणि खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. डॅनीने मला फोन केला. अर्जात घातलेलं माझं नाव वडिलांच्या वहीत पत्ता आणि फोननंबरासकट होतं, म्हणाला.

"काका, शेवटच्या महिन्यात आम्ही दोघं खूप बोललो. राजकारणावर भांडलो पण. मजा आली." मग म्हणाला, "बाबांना हिब्रू काही जमलं नाही. त्यांनी शिरालाच मराठी शिकवून ठेवलंय. थांबा, ती हट्ट करतेय. देतो."

फोनमध्ये थोडी खुडबुड झाली. मग तिकडून, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत, एक बारीक आवाज आला.

"काका. जेवलात. का?"

"हो बाळ," मी म्हटलं, "जेवलो."

जेवलो नव्हतो.